मुनिरकातला मे आणि मोटरसायकलींचा अंक

दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीच्या कोपऱ्यावर एक शाळा आहे. वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी, तिच्या फाटकाबाहेर सकाळी आठपासूनच मुलं-मुली जमायला लागतात. हातात प्रवेशपत्र, दोन काळी पेनं, पाण्याची बाटली. कुणी भिंतीला टेकून डोळे मिटून उभं असतं. कुणी शेवटचा कागद वाचत असतं, आणि वाचलेलं डोक्यात शिरत नाहीये हे चेहऱ्यावरून कळतं. कडुनिंबाखाली वडीलमंडळी वर्तमानपत्र अंथरून बसतात. मी दूध आणायला म्हणून बाहेर पडते आणि दूध घेऊन झालं तरी तिथेच रेंगाळते. केंद्रीय नागरी सेवांच्या त्या परीक्षेला मी चार वेळा बसले होते. आता एका मंत्रालयात माझं टेबल आहे, फायली आहेत, घरी नवरा आणि दहा वर्षांची इरा आहे. तरी त्या सकाळी मी फाटक उघडायच्या वेळेकडे घड्याळात बघत राहते.

यंदा त्याच सकाळी, दुधाची पिशवी हातात असताना, नसीमचा मेसेज आला. ‘अंक बंद होतोय. जुलैचा शेवटचा. आज प्रीलिम्स ना? आठवण झाली.’

मी तो तीनदा वाचला. समोर शाळेचं फाटक उघडलं होतं आणि मुलं एकेक करून आत जात होती.

अंक म्हणजे मोटरसायकलींचं एक इंग्रजी मासिक. त्याला भलंमोठं नाव होतं, पण आमच्या खोलीत ते नाव कुणी घेत नसे. आम्ही ‘अंक’ म्हणायचो, घरात दिवाळी अंकाला म्हणतात तसं. मला मोटरसायकल चालवता येत नाही, तेव्हाही येत नव्हती. तरी माझ्या आयुष्यात जे काही थोडंफार मी मनापासून वाचलं आहे त्यात या अंकाचा नंबर बराच वरचा आहे, आणि त्याला कारण नसीम.

नसीम शेख उदगीरची. मी संगमनेरची, इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी. इथल्याच मुनिरका गावातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघी तीन वर्षं राहिलो. खोली म्हणजे दोन खाटा, मध्ये एक माणूस आडवा चालेल एवढी वाट, आणि एक खिडकी, जी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलांचं मोठ्याने चाललेलं पाठांतर ऐकू यायचं. तिथे गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की मे महिन्यातही ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नसे. पण उष्णता पोहोचायची. भिंती तापायच्या, पाण्याची टाकी तापायची, नळाचं पाणी दुपारी हाताला चटका द्यायचं. कूलर एकच, तो खिडकीपाशी, वाटेच्या टोकाला, दोन्ही खाटांच्या मधोमध. त्याचं तोंड कुणाकडे किती वळवायचं यावर आमच्यात एक अलिखित करार होता, आणि तो आम्ही दोघींनीही पाळला. ज्या दिवसांत आम्ही बोलत नव्हतो त्या दिवसांतसुद्धा पाळला. पण ते पुढे सांगते.

नसीमच्या वडिलांचं उदगीरच्या बसस्टँडजवळ गॅरेज होतं. ते अंगठाबहाद्दर नव्हते, मराठी-उर्दू वाचायचे, पण इंग्रजी येत नव्हतं. नसीम लहानपणापासून शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे अब्बा इंग्रजी वाचत नाहीत, पण प्लग वाचतात. इंजिनातला प्लग काढायचा, त्याचं टोक उजेडाकडे धरायचं. बिस्किटासारखं तपकिरी असेल तर सगळं ठीक, काळं काजळीसारखं असेल तर गाडी पेट्रोल जास्त पितेय, पांढरं पडलं असेल तर इंजिन आतून तापतंय. हे सगळं तिने मला राज्यघटनेच्या दुरुस्त्या पाठ करता करता सांगितलं होतं. अब्बांची इच्छा एकच होती. लेकीच्या हाताला ग्रीस लागू नये. ती साहेब व्हावी. म्हणून दिल्ली.

आणि ती लेक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेर सरायच्या पुस्तकांच्या दुकानात जायची, सराव-पेपरांचे गठ्ठे उलटेपालटे करायची, आणि त्यांच्यामध्ये दडवून अंक घेऊन यायची.

सुरुवातीला मला ते पटायचं नाही. चकचकीत कागद, डोंगरातल्या रस्त्यांचे फोटो, हेल्मेटच्या जाहिराती. मला वाटायचं, ही मुलांची चैन आहे. पण नसीम फोटो बघायचीच नाही. ती थेट मागच्या पानांवर जायची, जिथे बारीक अक्षरात दुरुस्तीचे लेख असायचे. इंग्रजी तिला जड जायचं. एखाद्या वाक्यावर अडली की अंक माझ्याकडे सरकवायची. मी भाषांतर करायचे, पण मला वस्तू माहीत नसायची. तिला वस्तू माहीत असायची, पण वाक्य लागायचं नाही. मग आम्ही दोघी मिळून ते वाक्य सोडवायचो. मी विचारायचे, क्लच म्हणजे नक्की काय? ती दोन ताटल्या घ्यायची, एकावर एक ठेवायची, फिरवायची, सुट्या करायची. ताटल्यांचा आवाज ऐकून आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला वाटायचं आमच्याकडे रोज लवकर जेवण होतं.

तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या अंकात चेनवर एक लेख आला. मागच्या चाकाकडे जाणारी चेन किती सैल असावी, कशी तपासावी. नसीमने तो वाचला आणि खाटेवर उठून बसली. “हे चूक आहे यार,” ती म्हणाली. लेखात लिहिलं होतं की चेन एका जागी बोटाने दाबून ढील बघावी आणि त्याप्रमाणे आवळावी. तिचं म्हणणं, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवत जायचं, चार-पाच ठिकाणी बघायचं, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे थांबून माप घ्यायचं. नाहीतर सैल जागी बघून आवळलेली चेन घट्ट जागी ताणली जाते, आणि तुटते. गॅरेजात अशा तुटलेल्या चेनवाला एक माणूस तिने लहानपणी पाहिला होता. त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि तो अब्बांना विचारत होता, मी तर वेळेवर आवळली होती, मग असं कसं झालं?

ती संपादकांना पत्र लिहायचं म्हणाली. तिने मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. जिथे मला कळलं नाही तिथे मी तिला थांबवलं, आणि मला कळेपर्यंत तिने सांगितलं. माझ्या बापाच्या सवयीप्रमाणे मी प्रत्येक वाक्य लहान केलं. खाली सही, एन. शेख.

एप्रिलच्या अंकात ते पत्र छापून आलं. वर लिहिलं होतं, ‘श्री. शेख यांचं म्हणणं बरोबर आहे, आम्ही चुकलो.’ श्री. वाचून आम्ही इतक्या हसलो की शेजारची मुलगी दार वाजवून गेली. पण त्याहून मोठी गोष्ट ‘आम्ही चुकलो’ ही होती. आम्ही ज्या परीक्षेच्या मागे लागलो होतो तिथे चुकायचं असायचं ते फक्त आम्ही. छापलेलं कधी चुकत नाही असंच आम्ही तीन वर्षं धरून चाललो होतो.

पत्राबरोबर संपादकांचा मेलही आला, की दिल्लीतच असाल तर एकदा येऊन भेटा. संपादक मेहरा म्हणून साठीचे गृहस्थ होते. नोएडातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत ते मासिक निघायचं. आम्ही दोघी गेलो. दारात दोन मुली बघून मेहरासाहेबांनी विचारलं की शेख भाईसाहब आपके साथ नहीं आए? नसीम म्हणाली, “शेख मैं ही हूँ.” त्यांनी एक क्षण तिच्याकडे बघितलं, मग टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला एक जुना प्लग उचलून तिच्या हातात दिला आणि विचारलं, हा ज्या गाडीतला, ती कशी चालत असेल? तिने तो खिडकीपाशी नेला, बघितला आणि सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं की नव्याने गाडी चालवणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक पान दर महिन्याला लिहाल का? नसीमने माझ्याकडे बघितलं. परीक्षेला सात आठवडे उरले होते. मी डोळ्यांनी नाही म्हटलं. ती हो म्हणाली.

त्या उन्हाळ्याची आठवण काढली की मला आधी वास येतात. कूलरच्या गवताचा ओला वास. तापलेल्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचा. खालच्या गल्लीतल्या छोले-कुलचेवाल्याच्या लिंबाचा. बसस्टॉपपाशी बहाव्याची झाडं होती, दिल्लीत अमलतास म्हणतात. त्यांची पिवळी फुलं बसच्या टपावर पडून आयआयटीच्या दिशेने निघून जायची. दुपारी चारच्या सुमाराला कधी कधी आंधी यायची. आकाश तांबूस व्हायचं, सगळ्या गल्लीत खिडक्या धडाधड बंद व्हायच्या, आणि आंधी गेल्यावर पुस्तकाच्या प्रत्येक पानावर बारीक धूळ बसलेली असायची. इतिहासाचं माझं पुस्तक अजून घरी आहे. उघडलं की बोटांना ती कचकच लागते.

नसीमचं पान सुरू झालं आणि तिचे सराव-पेपरांतले मार्क पडायला लागले. दर आठवड्याला थोडे थोडे. ती पोस्टाने आलेले प्रश्न उशीखाली ठेवायची आणि दुपारी भूगोलाऐवजी त्यांची उत्तरं जुळवत बसायची. तिचा हा तिसरा प्रयत्न होता, आणि घरात हा शेवटचा असं ठरलेलं होतं. मी एक-दोनदा बोलले. तिने ऐकून घेतलं, अच्छा म्हणाली, आणि परत लिहायला बसली.

मेच्या पहिल्या आठवड्यात, ती आंघोळीला गेलेली असताना, मी तिच्या वहीतून अब्बांचा नंबर घेतला आणि गच्चीवर जाऊन फोन केला. मी त्यांना सांगितलं की नसीमचं लक्ष नाहीये, ती मोटरसायकलींच्या मासिकात लिहिते, तुम्ही एकदा बोला. मागे कुणीतरी गाडी रेस करत होतं, तो आवाज येत राहिला. मग त्यांनी विचारलं, “मोटरसायकलींबद्दल लिहिते?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरं केलं सांगितलंस बेटा.

मी गच्चीवरून खाली आले तेव्हा मला हलकं वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी काळजीपोटी केलं. काळजी होतीच. पण तिच्याकडे परीक्षेपलीकडचं काहीतरी आहे आणि माझ्याकडे नाही, हेही मला सलत होतं. ते तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. कळलं होतं, मी फक्त तिकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी अब्बा दिल्लीत हजर. गॅरेजच्या ओळखीतून कुणाचं तरी पत्र मिळवून ते कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्य सरकारच्या जुन्या अतिथिगृहात उतरले होते. सकाळी तिथल्या कँटीनमधून फोन केला, की इथे पोहे मिळाले, जीवात जीव आला, आता तिकडे येतो. नसीमला काही कळेना. तिला वाटलं कुणी आजारी आहे.

अब्बा चार मजले चढून आले आणि नसीमच्या खाटेच्या कडेला बसले. पांढरा शर्ट, टोपी, आणि नखांच्या कडांना ते काळं, जे धुऊन जात नाही. त्यांनी खोली बघितली, भिंतीवर चिकटवलेला नकाशा बघितला, कूलरचा आवाज ऐकला आणि त्याच्या पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ते बुशिंग गेलंय म्हणाले. नसीम सरबतासाठी बर्फ आणायला खाली गेली. ती गेल्यावर ते मला म्हणाले, “तिनं लिहिलेलं कुठाय? वाचून दाखव. मला इंग्लिश येत नाही.”

मी एप्रिलचा अंक काढला आणि ते पत्र मराठीत सांगत वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण एक राहिलं. चाकाचा नट आवळला की ढील बदलते. आवळून झाल्यावर परत बघायची. मीच शिकवलंय तिला. लिहायची विसरली.”

मग त्यांनी अंक हातात घेतला. पानं उलटली. एका उघड्या इंजिनाच्या फोटोवर बोट ठेवून एकेका भागाचं नाव स्वतःशीच घेतलं. अंक मिटला आणि तो मांडीवर तसाच राहू दिला.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “ही आमचं सगळं विसरायला दिल्लीला आली.”

जिन्यात नसीमच्या चपलांचा आवाज आला. ती बर्फाची पिशवी घेऊन आत आली, अब्बांच्या मांडीवर अंक बघितला आणि दारातच थांबली. तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं. अब्बांनी तिला चूक सांगितली, नटाची. ती म्हणाली, हो, राहिलं. मग ते म्हणाले, परीक्षा दे. नीट दे. आणि हेही लिही. पण लिहिशील ते दोनदा बघून लिही, लोक ते वाचून गाडीवर बसतात.

संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. जाण्याआधी कूलर उघडून त्यांनी त्याचा आवाज बंद केला.

स्टेशनवरून परत आल्यावर नसीमने मला विचारलं, “तू फोन केला होतास?” मी हो म्हटलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. त्या खोलीत न बोलता राहणं फार कठीण होतं. एकीला उठायचं असलं तर दुसरीने पाय वर घ्यावे लागायचे. आम्ही पाय वर घ्यायचो, वाट द्यायचो, कूलर ठरल्याप्रमाणे वळवायचो, एकाच पातेल्यात खिचडी करायचो, आणि एक शब्द बोलायचो नाही. बाहेर भाजून काढणारी लू वाहत असायची. मी एकच पान वाचत राहायचे आणि माफी कशी मागायची याची वाक्यं मनात लहान करत राहायचे. ती काही जमली नाहीत.

अकराव्या दिवशी मी आंघोळ करून आले तर माझ्या पुस्तकावर एक कागद होता. जुलैच्या पानाचा मजकूर, तिने स्वतः इंग्रजीत लिहिलेला. प्रश्न होता उन्हाळ्यात टायरमध्ये हवा किती ठेवावी. तिने लिहिलं होतं की हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना बघावी. चालवून टायर तापला की आतली हवा वाढलेली दिसते. ती घाबरून काढू नये, थंड झाल्यावर ती कमी पडेल. मी बसले आणि तो कागद दुरुस्त केला. दोन वाक्यं तोडली, एक क्रियापद बदललं. एका ठिकाणी समासात लिहिलं, ‘हे मला कळलं नाही. किती वेळाने थंड होतो?’ कागद तिच्या खाटेवर ठेवला. संध्याकाळी तो परत माझ्या पुस्तकावर होता. समासात लिहिलेलं, ‘दोन-तीन तास. सावलीत.’ त्याच्या खाली, ‘भूगोलाचा पेपर चारला सोडवायचा का? वेळ लावून?’

आम्ही चारला वेळ लावून पेपर सोडवला. माफी मी मागितली ती फार नंतर, आणि तेव्हा ती म्हणाली की फोन केला नसतास तर अब्बांनी ते कधी ऐकलं असतं? पण मी त्यासाठी फोन केला नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

त्या वर्षी मी प्रीलिम्स पास झाले, नसीम झाली नाही. निकाल लागला त्या दिवशी ती दुपारभर गच्चीवर बसून होती. खाली आली तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि तिने मला मेन्सच्या पुस्तकांची यादी काढायला बसवलं. महिन्याभरात तिने नोएडाजवळ खोली घेतली आणि मासिकात पूर्णवेळ काम करायला लागली. मी मेन्समध्ये पडले, पुढच्या वर्षी परत पडले, मग दुसऱ्या एका परीक्षेतून या नोकरीत आले. तिने पंधरा वर्षं ते पान लिहिलं. सुरुवातीची काही वर्षं तिचा मजकूर आधी माझ्याकडे यायचा, पुढे तिला माझी गरज उरली नाही, तरी छापण्याआधी ती मला फोनवर वाचून दाखवायची. तुला कळलं तर कुणालाही कळेल, असं तिचं म्हणणं. अब्बा गेले तेव्हा उदगीरच्या गॅरेजमध्ये एका खोक्यात सगळे अंक ओळीने लावलेले सापडले. नसीमच्या भावाने सांगितलं की गिऱ्हाइकांत कुणी इंग्रजी शिकलेला आला की ते त्याला गाडी होईपर्यंत बसवून नसीमचं पान वाचून घ्यायचे.

मासिक का बंद झालं यात काही गूढ नाही. लोक आता मोबाइलवर व्हिडिओ बघतात, आणि नसीमच म्हणते, चेन कशी आवळायची हे वाचण्यापेक्षा बघितलेलं बरं. मेहरासाहेब थकले होते. चालवायला कुणी पुढे आलं नाही. नसीमला मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात काम मिळालं आहे, नव्या कामगारांना शिकवण्याचं. पहिल्या तारखेपासून ती कंपनीच्या बसने जाणार. मी फोनवर विचारलं की वाईट वाटतंय का? ती म्हणाली, “वाईट पानाचं नाही वाटत. उत्तरं राहिलीत त्याचं वाटतंय.”

मग जुलैतल्या एका रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली. फाटकापाशी तिची मोटरसायकल थांबली, आणि हेल्मेट काढून ती पायऱ्या चढून आली तेव्हा पाठीवर एक फुगलेली पिशवी होती. ज्यांची उत्तरं छापायची राहून गेली अशी सगळी पत्रं आणि मेलच्या छापील प्रती तिने आणल्या होत्या. ती म्हणाली, अंक बंद झाला हे त्यांना कळेल, पण त्यांच्या गाड्या काही बंद नाहीत. चलो, बसू या.

आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकली. पोह्यांच्या बशा एकीकडे सरकवल्या. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, हिंदी ते हिंदीत, इंग्रजी ते इंग्रजीत. इराने पत्ते लिहायचं काम घेतलं. मध्येच तिने विचारलं, “आई, वंगण म्हणजे?” नसीम हसली नाही. तिने इराचा हात धरून तिला गाडीपाशी नेलं, चेनवर बोट फिरवून ते तिच्या बोटाला लावलं आणि म्हणाली, हे. इरा ते काळं बोट बघत परत आली आणि बराच वेळ तिने ते पुसलं नाही.

प्रश्न साधे होते. कुणाची गाडी सकाळी सुरू होत नव्हती, कुणाचा ब्रेक किंचाळत होता. दुपारी दोनच्या सुमाराला गठ्ठ्याच्या खालून एक निळ्या शाईतलं हिंदी पत्र निघालं. विदिशाकडच्या एका निवृत्त लाइनमनचं. अक्षर सावकाश काढलेलं. त्यांनी लिहिलं होतं की माझी मोटरसायकल एकवीस वर्षांची आहे. आधी चांगली चालायची, पण जानेवारीपासून प्रत्येक खड्ड्यात मागून उसळते. मिस्त्री म्हणतो, धक्के झेलणारे मागचे शॉकअप गेले, बदला. शेजारी म्हणतात, गाडी विका. मला वाटत नाही की ते गेलेत. एक गोष्ट सांगायची राहिली, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं: इतकी वर्षं माझी बायको मागे बसायची. जानेवारीत ती वारली. तेवढं सोडलं तर गाडीत काही बदललेलं नाही.

मी ते मोठ्याने वाचलं. नसीमने माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. इराने पत्ता लिहिता लिहिता वर बघितलं.

“लिही,” नसीम म्हणाली. “तुमचे शॉकअप गेलेले नाहीत. ते दोन माणसांसाठी आवळलेले आहेत. एकट्याच्या वजनाने स्प्रिंग दबत नाही, म्हणून गाडी उसळते. मिस्त्रीला सांगून दोन्ही बाजूंची स्प्रिंग सारखी सैल करून घ्या.”

मी लिहिलं. व्हरांड्याच्या जाळीबाहेर तिची गाडी उन्हात उभी होती, ती तिकडे बघत होती.

“पण एकदम खालपर्यंत आणू नका,” ती म्हणाली. “आधी स्प्रिंगच्या खाचेचं एकच घर खाली घ्या. तेवढ्यावर काही दिवस चालवा. अंगवळणी पडलं की मग पुढचं.”

मी विचारलं की गाडी विकू नका असं लिहायचं का? तिने थोडा विचार केला आणि नकारार्थी मान हलवली. म्हणाली, ते त्यांनी विचारलेलं नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मग तिने माझ्याकडून पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि शेवटची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली. ‘कोई जल्दी नहीं है.’ घडी घातली, पाकिटात सरकवली, आणि पत्ता घालायला ते पाकीट इराकडे दिलं.